दक्षिण फ्रान्समधलं जुनं दगडी घर: घ्यावं की नाद सोडावा?

तुलूझकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही तुलूझला राहतो. नवरा विमानांच्या कंपनीत, मी शाळेत. भाड्याच्या फ्लॅटचा कंटाळा आलाय आणि तुलूझचे भाव बघून डोळे पांढरे झालेत, म्हणून शोध सरकत सरकत एरो जिल्ह्यात पोचला. बेझिएच्या उत्तरेला, द्राक्षमळ्यांमधल्या एका गावात घर बघितलंय. चर्चच्या मागच्या बोळात, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटलेली. तीन मजले, तळाला पूर्वी वाइनची पिंपं ठेवायचे ती अंधारी खोली, हातभर जाडीच्या दगडी भिंती, वर नळीची कौलं. किंमत ९० हजार युरो.

एजंट म्हणतो, "थोडी रंगरंगोटी केली की झालं." मला दिसलं ते असं: खाली भिंतीला कमरेइतकी ओल, वरच्या मजल्याची एक तुळई मधोमध वाकलेली, आणि स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून डोकावणारे दोन नळ. पण जिन्याजवळ एक कोनाडा आहे, तिथे माझं देवघर मनातल्या मनात मांडूनही झालंय. हाच घोळ आहे.

नवरा म्हणतो माँपेलिएच्या बाहेर नवा फ्लॅट घेऊ आणि सुखाने झोपू. इथे कोणी असं जुनं घर घेऊन उभं केलंय का? खरं खरं सांगा.

बोरूबहाद्दर

एजंटच्या तोंडून "रंगरंगोटी" ऐकलं की जवळचा दरवाजा गाठावा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हेरंब_नीम

ताई, आधी व्यवहाराचं सांगतो, भिंतीचं जाणकार सांगतील.

९० हजार हा आकडा फसवा. जुन्या घराला नोतेरचा (खरेदीखत करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ) खर्च ७ ते ८ टक्के धरा. त्यातला बहुतेक पैसा सरकारी करात जातो, नोतेरच्या खिशात थोडाच. नव्या फ्लॅटला हाच खर्च २ ते ३ टक्के असतो, तेवढ्यापुरतं यजमानांचं गणित बरोबर आहे.

विक्रेत्याने तपासण्यांची फाइल द्यायलाच लागते. १९४९ आधीचं घर असेल तर शिसं, जुलै १९९७ आधीच्या परवान्याचं असेल तर अॅस्बेस्टॉस, वीज-गॅसची जोडणी १५ वर्षांहून जुनी असेल तर त्यांचीही तपासणी, शिवाय वाळवी आणि डीपीई, म्हणजे घर किती ऊर्जा खातं त्याचा ए ते जी असा वर्ग. फाइल जाडजूड असते आणि सगळे शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात. तुम्ही वाचा. कौलांखाली जुने नालीदार सिमेंटचे पत्रे निघाले तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, आणि ते काढायला साधा गवंडी चालत नाही.

काँप्रोमी, म्हणजे आपलं साठेखत, सही झाल्यावर खरेदीदाराला १० दिवस विचार बदलायला मिळतात. कारण द्यावं लागत नाही, पैसे परत. विक्रेत्याला ही सोय नाही.

मेधा_ग

हेरंब यांच्याशी सहमत. एक भर घालते. त्या काँप्रोमीत अटी घालून घ्या. कर्ज मिळालं नाही तर व्यवहार रद्द, ही अट कर्ज काढणाऱ्याला असतेच. पण "बांधकामाची परवानगी मिळाली तरच" ही अट मागून घ्यावी लागते, आपोआप येत नाही. एजंट कुरकुर करेल. करू दे.

आम्ही उझेसजवळ शेतातलं जुनं घर घेतलं, नऊ वर्षं झाली त्याला. गावच्या गटाराला जोडलेलं नव्हतं, मागे सेप्टिक टाकी. विक्रीच्या वेळी तिचीही सरकारी तपासणी होते आणि नापास झाली तर नव्या मालकाने एका वर्षात नवी बसवायची. नापास झाली होती. ते पैसे आम्ही घासाघीस करून किमतीतून कापून घेतले. तुमचं घर गावात आहे म्हणजे हा ताप नसावा, तरी विचाराच.

गोट्या_पुणे

मस्त धागा. एक भाबडा प्रश्न. मी पुण्यात असतो. तिकडे ९० हजार युरोत तीन मजली घर मिळतं? इथे तेवढ्यात वाकडला फार तर एखादा फ्लॅट येतो! पुण्यात बसून घेता येईल का? मग रिटायर होऊन तिकडेच जायचं, सकाळी क्रोसाँ, संध्याकाळी वाइन.

अनंतराव_नीस

गोटू बाळा, घे की. कोण अडवतंय! फ्रान्समध्ये घर घ्यायला नागरिकत्व लागत नाही. भारतातून पैसे रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत पाठवता येतात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. सध्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते, तो पुढे प्राप्तिकरात जमा धरला जातो, पण तोवर पैसा अडकतो.

पण घर घेतलं म्हणजे राहायचा हक्क मिळाला, हे डोक्यातून काढून टाक. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. त्यापुढे राहायचं तर लांब मुदतीचा वेगळा व्हिसा, त्यासाठी उत्पन्न दाखवा, विमा दाखवा. घराचं खरेदीखत दाखवलंस तर वकिलातीतला माणूस फक्त पत्ता लिहून घेईल. आणि वर्षातून तीन महिने राहणार असशील तर ते दुसरं घर धरतात. राहत्या घरावरचा निवासकर २०२३ पासून गेला, दुसऱ्या घरावरचा आहे तसाच आहे.

क्रोसाँ मात्र स्वस्त आहे.

चुनेवाला

मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, तीन वर्षं आर्लजवळ दगडी घरांवर काम केलंय. ओलीबद्दल बोलतो, कारण या धाग्यातला खरा विषय तो आहे.

कमरेइतकी ओल ऐकून घाबरू नका, आधी ती ओल कुणी वर चढवली ते बघा. या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या. पायाला ओलावा येतो, तो भिंतीत थोडा चढतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जातो. शंभर-दोनशे वर्षं हे बिनबोभाट चालतं. मग गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुणीतरी हुशार मालक येतो, बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतो, आत जमिनीवर काँक्रीटची लादी ओततो. भिंतीला रेनकोट घातल्यासारखं होतं. जमिनीतून येणारा ओलावा लादीमुळे अडतो, बाजूला सरकतो, भिंतीत शिरतो. बाहेर पडायला वाट नाही म्हणून आणखी वर चढतो. मिठं फुलतात, रंग पापुद्र्यांनी सुटतो, तुळयांची टोकं कुजायला लागतात.

ताई, पुढच्या वेळी जाल तेव्हा किल्लीने गिलावा खरवडून बघा. राखाडी, टणक, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर सिमेंट. ते उतरवून भिंतीला निवांत वाळू द्यायचं, एखादा अख्खा उन्हाळा. मग चुन्याचा गिलावा. तिथे तयार चुना गोणीत मिळतो, पाण्यात घट्ट होणारा आणि हवेत घट्ट होणारा असे दोन प्रकार. मऊ दगडाला पहिल्यातलाही हलक्या ताकदीचा घ्यावा, गिलावा दगडापेक्षा कडक असता कामा नये. आपल्याकडे घाणीत चुना मळून त्यात गूळ, बेलफळ, उडीद घालायचे. तिकडे तेवढा स्वयंपाक नाही.

आणि थंडीसाठी कुणी आतून थर्माकोल आणि वर जिप्सम बोर्ड सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा. चुना आणि भांगेच्या काडक्यांचा जाड गिलावा करतात तो बघा. ऊबही राखतो, वाफही जाऊ देतो.

बोरूबहाद्दर

भांगेच्या भिंती!! ताई, घर घ्याच. गृहप्रवेशाला अख्खं मिसळपाव मंडळ येईल.

चुनेवाला

@बोरूबहाद्दर, त्या रोपात नशा नसते हो. काडक्याच असतात. सोलापूरच्या ज्वारीच्या धाटांना जेवढी नशा तेवढीच.

सडेतोड

सगळे स्वप्नं विकताय म्हणून विरोधी सूर लावतो. मी माँपेलिएला आहे. तिघं ओळखीचे असं घर घेऊन बसले. एकाची बायको दुसऱ्या हिवाळ्यात माहेरी गेली ती मार्चपर्यंत आलीच नाही. लोकांना वाटतं दक्षिण फ्रान्स म्हणजे बारमाही ऊन. जानेवारीत त्रामोंतान वारा सुटला की बोळातल्या घरात ऊन येतंच कुठे? जाड भिंती उन्हाळ्यात छान गार, हिवाळ्यातही तशाच गार.

डीपीईत एफ किंवा जी आला तर पुढे भाड्यानेही देता येणार नाही. जी वर्गाची घरं १ जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाहीत, एफची पाळी २०२८ ला. नवा फ्लॅट घ्या, किल्ली लावा, राहा.

मेधा_ग

सडेतोड, तुमचं थंडीबद्दलचं बरोबर. पण नव्या फ्लॅटमध्ये फोडणी दिलीत का कधी?

फोडणीसम्राट

मेधाताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. माझा फ्लॅट नवा, नीसला. चिमणी लावली ती कार्बन फिल्टरची, म्हणजे वास गोल फिरवून परत माझ्याच नाकात. बाहेर नळी काढायची तर दर्शनी भिंतीला भोक, आणि भिंत सोसायटीची, म्हणजे वार्षिक सभेत ठराव, मतदान. एका आजीबाईंनी विचारलं, "पण तुम्ही असं काय शिजवता?" ठराव पडला. बाथरूमच्या वायुवीजनाच्या नळीला चिमणी जोडावी म्हटलं तर ते नियमात बसत नाही, सगळ्या इमारतीत मिरचीचा ठसका पोचेल.

जुन्या घरात धुरांडं असतंच. ताई, ते कुठल्या मजल्यापर्यंत धड आहे ते बघा. बाकी सगळं नंतर.

सासवडची_लेक

आणि संडासातला जेट? प्लंबरला सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी घरात कारंजं मागितलं. शेवटी दुकानात मिळाला, नळाला बंद करायची वेगळी चावी लावून बसवला. आता तोच प्लंबर विचारतो, कुठून घेतलात.

हेरंब_नीम

अवांतर पुरे, कारागिरांवर कुणी बोला.

मेधा_ग

बोलते. या विषयावर मी पुस्तक लिहू शकते.

पहिलं म्हणजे लेखी कोटेशन, ज्याला इथे दव्ही म्हणतात. त्यावर सही झाली की तो करार. त्यात "भिंतीचं काम, एकूण रक्कम" असं मोघम नको. किती चौरस मीटर, कुठला चुना, किती थर, राडारोडा कोण नेणार, सगळं हवं. राडारोड्यावर जोर देते, कारण तुमचा बोळ. ट्रक आत येणार नाही. आमच्या मैत्रिणीच्या घरी चौकातून घरापर्यंत चुन्याच्या गोण्या खांद्यावरून आल्या आणि जुना गिलावा घमेल्यांनी बाहेर गेला. मजुरीत त्याचे पैसे लागतातच. रस्त्यावर परांची उभारायची तर गावच्या मेरीकडून (नगरपालिका कचेरी) परवानगी, तीही कारागिराने काढायची की तुम्ही, हे आधी ठरवा. सोफा जिन्यातून चढणार नाही, खिडकीतून शिडीची लिफ्ट लावून चढवावा लागेल.

दुसरं, दहा वर्षांची हमी, देसेनाल. १९७८ च्या कायद्याने इमारतीच्या मूळ ताकदीचं काम करणाऱ्याला तिचा विमा बंधनकारक आहे. प्रमाणपत्र मागा आणि दोन गोष्टी बघा. तारीख, आणि कामांची यादी. आमच्याकडे आलेला एक गवंडी फार गोड बोलायचा, आगाऊ रक्कम घेतली, छपराचं काम अर्धं उघडं टाकून गायब. प्रमाणपत्र खरं होतं, पण त्यात फक्त रंगकाम आणि गिलावा लिहिलेला. छपराला विमा लागूच नव्हता. ऑक्टोबरात सेव्हेन डोंगरावरून पाऊस आला, त्या पावसाला पाऊस म्हणणं म्हणजे कोकणातल्या माणसानेही कानाला हात लावावा. ताडपत्रीखाली आम्ही बादल्या फिरवत होतो.

तिसरं, कर. दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीला २० ऐवजी १० टक्के व्हॅट, ऊर्जाबचतीच्या कामाला साडेपाच. पण हा दर कारागिराने माल आणून बसवला तरच. स्वस्त पडतं म्हणून तुम्ही दुकानातून फरशी आणलीत की फरशीवर २० टक्के. सरकारी अनुदान हवं तर आरजीई (ऊर्जाबचतीच्या कामाची सरकारमान्यता) शिक्का असलेलाच कारागीर, आणि अर्ज मंजूर व्हायच्या आधी दव्हीवर सही करायची नाही. आधी सही झाली तर अनुदान हुकू शकतं.

ऑगस्टबद्दल काही बोलत नाही. ऑगस्टमध्ये फ्रान्स नसतो.

अनंतराव_नीस

मेधाताई, झकास. माझ्याकडून एवढंच की कारागीर आला की आधी बाँझूर म्हणा, हालहवाल विचारा, कॉफी द्या, मग भिंत दाखवा. मुंबईच्या घाईत "हे इथे गळतंय" म्हणून सुरुवात केलीत की तो गळती सोडून तुमच्याकडे बघतो. बोळातल्या शेजाऱ्यांनाही कामाआधी एकदा संध्याकाळी बोलवा. ऑलिव्ह, शेंगदाणे, थोडं पास्तीस (बडीशेपेच्या वासाची इथली दारू). सामाईक भिंतीत छिद्र पाडायचं असेल तर हा खर्च वसूल होतो.

विदर्भवीर

काका, शेंगदाणे नको, आमच्या नागपूरची संत्रा बर्फी द्या. भिंतच नावावर करून देईल शेजारी.

कोकणातला_भाऊ

मला वेगळंच विचारायचंय. ते घर विकतंय कोण? एकच मालक की भावंडं? आमचं गुहागरचं घर आठ जणांच्या नावावर सामाईक आहे. एक ठाण्यात, एक दुबईत, एका काकूंचा ठाव नाही. कौलं बदलायची तरी सह्या गोळा होत नाहीत. फ्रान्समध्ये हा रोग नसेल ना?

हेरंब_नीम

भाऊ, भरपूर आहे. इथे मुलांना वारसातून वगळता येत नाही. एक मूल असेल तर इस्टेटीचा निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश हिस्सा कायद्याने त्यांचा. बाप गेला की घर सगळ्यांचं सामाईक. एकाने पाय रोवले की कोर्ट. दक्षिणेतल्या गावांत दारं-खिडक्या वर्षानुवर्षं बंद असलेली जी घरं दिसतात, त्यातल्या कितीतरींची कथा तुमच्या गुहागरचीच.

तुलूझकरीणताई, भाऊंचा प्रश्न लाखमोलाचा आहे. साठेखतावर सगळ्या वारसांच्या सह्या होणार आहेत का, नोतेरला विचारा. आणि तुमच्याकडून वेगळा नोतेर लावा. दोन नोतेर असले तरी फी तेवढीच, ती ते आपसात वाटून घेतात. फुकटचा शहाणा माणूस मिळतो.

कोकणातला_भाऊ

वाचून इतका आनंद झाला की काय सांगू. सायबाच्या देशातही भाऊबंदकी.

सडेतोड

सायबाचा देश तो नव्हे हो, तो पलीकडे!

झडप_उघडा

खिडक्यांचं कोणी बोललं नाही. ताई, चर्चच्या मागचा बोळ म्हणालात. चर्च संरक्षित स्मारक असेल तर ५०० मीटरच्या परिसरात घराच्या बाहेरच्या प्रत्येक बदलाला सरकारी वास्तुविशारदाचं मत लागतं. आम्ही लाकडी झडपा काढून प्लॅस्टिकच्या मागितल्या. उत्तर आलं: लाकडीच, आणि रंग मेरीच्या तक्त्यातला. एरवी महिन्यात लागणारा निकाल अशा भागात दोन महिने घेतो. एसीचं बाहेरचं यंत्र दर्शनी भिंतीवर लावायचं असेल तर त्यालाही अर्ज.

चिडलो होतो तेव्हा. आता गल्लीत शिरलं की सगळ्यांच्या झडपा करड्या-हिरव्या-निळ्या एका सुरात दिसतात, आणि नव्या लोकांच्या अर्जावर मीच बारीक नजर ठेवून असतो. 😄

गोट्या_पुणे

मी वाकडलाच बरा.

कावेरी_क

पुराचंही बघा. सरकारच्या जिओरिस्क संकेतस्थळावर पत्ता टाकला की पूर, भूकंप, चिकणमाती सगळं दिसतं. २०१८ च्या ऑक्टोबरात शेजारच्या ओद जिल्ह्यात एका रात्रीत पूर येऊन माणसं गेली. नदी उन्हाळ्यात गुडघाभर असते म्हणून फसू नये. तळघराच्या भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ आहे का ते टॉर्च लावून बघा. चिकणमातीही तितकीच वाईट, उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, भिंतीला जिन्यासारख्या तिरक्या चिरा पडतात.

तुलूझकरीण

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. काल परत जाऊन आले, टॉर्च आणि किल्ली घेऊन.

खालचा गिलावा राखाडी आणि टणक, ठोकल्यावर पोकळ वाजतो. म्हणजे चुनेवाले म्हणतात तेच. जमिनीवर काँक्रीट आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या आधीच्या मालकाने ट्रॅक्टर ठेवायला ओतलं होतं. पाण्याची रेघ दिसली नाही, गाव उंचावर आहे. धुरांडं छपरापर्यंत धड आहे (फोडणीसम्राट, नोंद घ्यावी). डीपीई एफ आहे, पण आम्हाला स्वतः राहायचंय. विकणारी भावंडं तिघं, त्यातला एक कॅनडात, त्याने नोतेरकडे मुखत्यारपत्र दिलंय म्हणतात. आम्ही आमचा नोतेर लावतोय. चर्च संरक्षित आहे, म्हणजे झडपा लाकडी.

नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला ९० सांगतायत, ७० ला देतील तर विचार करू, आणि घर राहण्याजोगं होईपर्यंत तुलूझचं भाडं चालू ठेवू. म्हणजे नाही म्हणाला नाही! परवानगीची अट घालून ७० चा प्रस्ताव पाठवतोय. एकच भीती राहिलीय, ती वाकलेली तुळई.

सडेतोड

दोन वर्षांचं भाडं वेगळं काढून ठेवा, एक नव्हे. विरोध मागे घेतलेला नाही, पण ७० ला मिळालं तर कळवा, बघायला येईन.

चुनेवाला

तुळई मधे वाकली आहे त्याची काळजी कमी करा. जुनं लाकूड ओझ्याखाली वाकतं आणि तसंच पन्नास वर्षं राहतं. काळजी टोकांची. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे, विशेषतः बाहेरच्या ओल्या भिंतीच्या बाजूला, मालकाला विचारून जाड पेचकस दाबून बघा. आत सहज गेला तर टोक कुजलंय. मग ते कापून नवं लाकूड जोडायचं किंवा खाली दगडाचा टेकू द्यायचा, सुतार सांगेल. लाकडाला लांबट भोकं आणि खाली ताजा पिवळा भुसा असेल तर किडा अजून जिवंत आहे, त्याचा उपचार वेगळा. फोटो टाकाल तेव्हा मधल्या वाकाचा नको, दोन्ही टोकांचा टाका. शेजारी पट्टी धरून.

तुलूझकरीण

शनिवारी जातोय. पेचकस घेतलाय. टोकांचे फोटो रविवारी टाकते.

फोडणीसम्राट

धुरांड्याचाही.